कमलच्या मापाचा झगा

इकडं घाटाखाली कापूस कुणी लावत नाही. इथल्या बायांनी कापूस पाहिलाय तो वातींचा, नाहीतर उशीतला. त्यामुळं दसरा उलटून हवेतला ओलावा जरा उतरला, की माझी बोटं चुरचुरायला लागतात, हे मी इथं कुणाला सांगत नाही. कापसाचं बोंड फुटून वाळलं की त्याच्या पाकळ्यांना सुईसारखी टोकं येतात आणि ती नखाच्या कडेला शिरतात. दिवसभर वेचून आलेल्या बाईच्या हाताला मिठाचं पाणी लागू नये. मला लागलेलं आहे. आता किती वर्षं झाली, मी इथल्या बालवाडीत लेकरांची खिचडी शिजवते, बोटांना काही म्हणता काही झालेलं नसतं. तरी त्या दिवसांत मी खिडकीच्या उजेडात बोटं धरून बघते. मग कधीतरी भावाचा फोन येतो. म्हणतो, "सोमली, वेचणी लागली बघ." पीक कसं आलं, पाणी कसं झालं, काही नाही. मला तेवढंच पाहिजे असतं हे त्याला माहीत आहे.

आमचा तांडा आखाडा बाळापूरपासून कोसभर. तेव्हा तो सगळा मुलूख परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा पुष्कळ नंतर झाला. तांड्यापासून हाकेच्या अंतरावर गाव, गावात चौथीपर्यंतची शाळा, आणि मधे ओढा. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी झालेली रानं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, किती शांत आहे सगळं. पण वेचणीचे दिवस म्हणजे संशयाचे दिवस. सकाळच्या दंवानं कापूस जड होतो, म्हणून मालकाला वाटायचं बाया मुद्दाम दंवात वेचतात. बायांना वाटायचं काट्यातच खोट आहे. संध्याकाळी मालकीणबाई एकेकीची ओटी झटकून बघायची, आत माती तर नाही, ढेकळं तर नाहीत.

याडी मुकाट ओटी झटकून घ्यायची. याडी म्हणजे माझी आई, आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. झटकून झालं की ती मालकीणबाईच्या लुगड्याच्या ओच्याकडं अशी टक लावून बघायची की त्या बाईचा हात आपोआप ओच्याकडं जायचा. याडीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. कुणी जास्त गोड बोललं की ती सावध व्हायची. कुणी फुकट काही दिलं की ती वस्तू तीन दिवस कुडाच्या बाहेर ठेवायची. मी तिच्यावरच गेले आहे. माझ्या सुना मला हसतात, पण दारात कुणी प्रसाद घेऊन आलं तरी मी आधी विचारते, कशाचा?

मी शाळेत गेले ती एका मेलेल्या मुलीच्या जागी.

गावात माणिकराव म्हणून टेलर होते. राहायला गावात, बसायला बाळापूरच्या पेठेत, एका कापडदुकानाच्या ओट्यावर. सायकलवर जायचे, सायकलवर यायचे. त्यांची एकुलती एक मुलगी कमल. ती पहिलीत होती. वेचणीच्या दिवसांत गोवर आला आणि चार दिवसांत ती गेली. पटावर एक मुलगी कमी झाली. तपासणीला साहेब येणार होते, म्हणून गुरुजी ओढा ओलांडून तांड्यावर आले आणि नायकाच्या दारात बाजेवर बसून म्हणाले, "एक पोरगी द्या मला. एकच."

याडी तिथंच उभी होती. म्हणाली, "काहून? गावातल्या सरल्या का?"

गुरुजी साधा माणूस. खोटं बोलायचं त्यांना सुचलं नाही. म्हणाले, "एक सरली बाई."

याडी मला मागं ओढत होती आणि बा पुढं करत होता. बाला वाचता येत नव्हतं, त्याची त्याला चीड होती. शेवटी बाचं चाललं. जन्म कधीचा विचारलं तर याडी म्हणाली, "वेचणीत झाली. सोमवारी." गुरुजींनी एक जून लिहिलं. वर्ष कमलचंच लिहिलं, वर्गात बसायचं म्हणजे वर्ष जुळायला पाहिजे. सोमली हे नावही त्यांनी बदललं, सुमन केलं. एवढं सगळं होऊन मी शाळेत गेले तेव्हा तरटपट्टीवर एक जागा रिकामी होती. पोरी तेवढी सोडून बसायच्या. मला कुणी काही सांगितलं नाही. मी रिकामी दिसली तिथं बसले, आणि सगळ्या पोरी माझ्याकडं बघायला लागल्या.

मी तिला कधी पाहिलं नाही. तिचा फोटोही नव्हता, तेव्हा कुणाचा असायचा? ती गोरी होती का सावळी, मला ठाऊक नाही. पण तिची उंची मला ठाऊक आहे. दर वर्षाची.

दुसऱ्या वर्षी वेचणी चालू असताना एक दिवस माणिकराव शाळेत आले. बरोबर त्यांची बायको सुभद्राबाई, गावातली पोरं तिला मावशी म्हणत. तिच्या काखेला गाठोडं. आमच्या वर्गात आम्ही पाच पोरी. गाठोड्यात पाच झगे. निळं पॉपलीन, पांढरी कॉलर, पाठीला तीन बटणं. मावशीनं एकेकीच्या हातात झगा ठेवला, वर गुळाचा खडा ठेवला, आणि म्हणाली, "घाला बायांनो. शाळेत येत जा." रडली नाही. माणिकराव दाराशी उभे होते. आम्ही झगे घालून ओळीनं उभ्या राहिलो तर ते आमच्या तोंडांकडं बघतच नव्हते. झग्याची खालची कड कुठं येते, तेवढंच बघत होते.

नवं कापड पहिल्यांदाच माझ्या अंगाला लागलं होतं. त्याचा खळीचा वास मला अजून येतो. मी इतकी हरखले की झगा माझ्यासारख्या दोन पोरी मावतील एवढा आहे हे मला कळलंच नाही. प्रमिला म्हणून वर्गात एक थोराड पोरगी होती. तिला तो काखेत काचत होता. ओढ्यावरून घरी जाताना तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "सुमे, झगा तर चालून राहिला. तू कुठं हायस?"

त्या दिवसापासून माझं नाव पडलं, चालता झगा.

याडीनं तो झगा तीन दिवस बाहेर टांगला. चौथ्या दिवशी उलटा करून शिवण अन् शिवण तपासली. तिच्या हातात सुई म्हणजे काय होती ते सांगायला पाहिजे. आमच्या बायांचं सगळं अंगावरचं भरतकामाचं, आरशा-कवड्यांचं. याडी तर अंधुक उजेडातही बोटांनी टाके मोजायची. तिनं टेलरचा टाका बघितला आणि नाखुशीनं म्हणाली, "हात चांगला हाय." मग माझ्या अंगावर झगा धरला, आणि तिच्या कपाळाला जी आठी पडली ती पुढची तीन वर्षं गेली नाही.

"हात एवढा चांगला," ती म्हणाली, "मग माप असं काहून?"

तिसरीत परत झगे आले. परत तसेच, मला मोठे, प्रमिलाला तंग. गावात लोक हसायचे. टेलरला मुलगी गेल्यापासून दिसत नाही म्हणायचे. पण बाळापूरच्या बाजारात त्याच माणिकरावांकडं नवरदेवाचे कोट शिवायला चार कोसांवरून माणसं येत. त्यांनी शिवलेल्या कोटाला सुरकुती म्हणून नसायची. मग आमच्याच झग्यांना काय व्हायचं?

मला भीती वाटायची. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. सकाळी झगा अंगात घातला की तो आधी गार लागायचा, आणि खांद्यापाशी, काखेपाशी, कमरेपाशी जिथं जिथं तो सैल असायचा तिथं मला वाटायचं, इथं कुणीतरी आहे. मी नसलेली सगळी जागा भरलेली आहे. पळताना घेर मागून पायात यायचा, तेव्हा मी थबकून मागं बघायची. आणि तरीही तो झगा मला काढवत नव्हता. तो होता म्हणून शाळा होती. फाटक्या कापडात पाठवायला याडी तयार नव्हती, तिचा मान होता, आणि दुसरं घ्यायची ऐपत नव्हती. ज्याची भीती वाटते त्याच्याच आधारानं उभं राहायचं, हे मी आठव्या-नवव्या वर्षी शिकले. पुढं जन्मभर ते उपयोगी पडलं.

मागच्या वर्षी इथं बालवाडीत एक जोडपं आलं. शहरातलं. मुलाच्या आठवणीसाठी लेकरांना दप्तरं वाटायची म्हणत होते. बाईंनी आल्यापासून पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं, सोडत नव्हत्या. मदतनीस म्हणून मी चहा दिला. माझ्या स्वभावानं मी विचारलंच, "कितीचा होता?" नवरा म्हणाला, "सहा." आणि त्याच दमात बाई म्हणाल्या, "आता एकोणीसचा." बोटं मोजली नाहीत, छताकडं बघितलं नाही. आपल्याला आपल्या जित्या लेकरांची वयं विचारली तर आपण थांबतो, अमुक सालचा, म्हणजे किती झाला बरं. त्यांना थांबावं लागत नाही. मी आत गेले आणि खिचडी ढवळत उभी राहिले, करपत नव्हती तरी.

चौथीतली गोष्ट. वेचणी भरात होती. झगे येऊन आठ दिवस झाले होते. पोरींचे झगे धुवायला सगळ्यांच्या आया त्या दिवशी ओढ्यावर आल्या होत्या, आणि धुऊन पाचही झगे एका लांब खडकावर वाळत घातले होते, शेजारी शेजारी. याडी पाण्यातून वर आली आणि तिथंच थांबली. मी बघत होते. तिनं ओले हात फेटियाला पुसले, आमच्या घागऱ्याला फेटिया म्हणतात, आणि वाकून पहिल्या झग्यावर वीत टाकली. खांदा ते कड. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. पाचव्यापर्यंत गेली आणि परत पहिल्यावर आली. बाकीच्या बाया हसायला लागल्या. "सोमलीची माय, काय शेत मोजून राहिलीस का?"

याडी हसली नाही. ओढ्यात उभ्या असलेल्या प्रमिलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "पाच पोरी, पाच अंगं. माप एक. केसाचा फरक न्हाई. मंग हे येतं कुणाला?"

खडकावर पाच निळे झगे आडवे पडलेले, हात पसरून. बायांचं हसू थांबलं. एकीनं पटकन आपल्या पोरीचा झगा ओलाच उचलला.

त्यानंतर गावात जे बोललं गेलं ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. टेलर पोरीला परत आणायच्या नादात आहे. पाच पोरींतली एक ती घेणार. मावशी गुळात काहीतरी देते. दोन आयांनी झगे पेटीत कोंडले. याडी असलं काही बोलली नाही. ती फक्त माप म्हणत राहिली. "बाकी लोक बोलतेत ते मला ठाव न्हाई. माप खोटं बोलत न्हाई. माझी पोरगी दुसऱ्या कुणाच्या तरी कापडात जाऊन राहिली." आणि त्यावर तिचा हुकूम निघाला. पुढच्या साली पाचवीला बाळापूरच्या शाळेत जायचं होतं, गुरुजींनी बाला राजी केलं होतं. याडी म्हणाली, आता झगा नाही आणि शाळाही नाही. मी त्या रात्री भाकरी खाल्ली नाही. याडी म्हणाली, "नको खाऊ." पण बाजाराच्या दिवशी तिनं झगा घडी करून काखेत मारला, माझा दंड धरला आणि बाळापूरची वाट धरली. मला वाटलं, झगा परत करायला चाललो. कोसभर मी तिच्या मागून रडत गेले. एकदाच मागं वळून म्हणाली, "चूप. रडतीस काहून? इचारायला चाललो."

बाजाराच्या दिवशी मावशीही ओट्यावर बसायची, काज-बटणं करायला. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या तोंडात दोरा होता. माणिकराव मशीनवर. याडीनं झगा मशीनच्या फळीवर, चालत्या सुईच्या पुढ्यात टाकला.

"ओ टेलर. हा झगा कुणाचा?"

माणिकरावांनी चाक हातानं थांबवलं. "तुमच्या पोरीचा की बाई."

"हिला घालून बगा. खांदा कोपरापाशी आला. त्या प्रमिलाला काखेत वळ उठून राहिले. मी टेलरकडं जाणारी बाई न्हाई, सुई मला बी कळती. तुमच्यासारखा हात ह्या बाजारात दुसऱ्याचा न्हाई. मंग मला सांगा, हा कुणाला बराबर येतो?"

शेजारचा भांड्यांचा दुकानदार गिऱ्हाइकाला भांडं वाजवून दाखवत होता, तो थांबला. दोन-चार माणसं ओट्यापाशी आली. माणिकरावांनी झगा उचलून त्याची कॉलर सरळ केली, उगीचच, सरळच होती. मग मावशीनं तोंडातला दोरा काढला.

"कमलला येतो," ती म्हणाली.

मी याडीच्या पाठीमागं गेले.

माणिकराव मान खाली घालून बोलायला लागले. बोलणं आम्हाला नव्हतं, मशीनला होतं. "दर साली दोन बोटं वाढवतो. तुमच्या पाची पोरी शाळेच्या दाराशी उभ्या राहतेत, तवा बगून घेतो. उंच पोरगी न्हाई धरत, बुटकी न्हाई धरत. मधलं धरतो. तशीच राहिली असती ती. मला तिचंच माप येतं बाई. दुसऱ्या पोरीचं घ्यायला गेलो तर टेप हातात राहत न्हाई. तरी म्हटलं, कापड वाया जाऊ नये, कुणाच्या तरी अंगाला लागंल."

मला वाटलं याडी आता विरघळेल. बाजूची माणसं विरघळली होती. एक म्हातारा डोळ्याला पटका लावत होता. याडीनं तोंड आणखी घट्ट केलं.

"माझी बी दोन गेली," ती म्हणाली. "मी काय लोकांच्या लेकरांना त्यांची कापडं घालत फिरले न्हाई."

मावशी ताडकन बोलली, "तुला आणखी झाली!"

"व्हय. झाली. ही झाली." याडीनं मला पुढं ओढलं. "अन् ही हाय. तुमची असती. माझी हाय. हिच्या अंगाचं माप घ्या अन् हिचा शिवा, तर घालील. तर शाळेत येईल. न्हाई तर ठिवा तुमचा झगा."

आज हे लिहिताना मला याडीची लाज वाटत नाही. तेव्हा वाटली होती, धरणीनं पोटात घ्यावं इतकी वाटली होती. दोन दुखावलेल्या माणसांपुढं तिनं आपलं लेकरू उभं केलं आणि म्हणाली, हिला बघा. कठोर होतं ते. पण तोवर मला शाळेत कुणी बघितलंच नव्हतं. गुरुजींनी पट बघितला होता, टेलरनी घेर बघितला होता, पोरींनी रिकामी जागा बघितली होती. मी आहे, आणि असती नाही, हा एवढा फरक भर बाजारात ओरडून सांगणारी एकटी माझी संशयी आई होती.

मावशी उठली. खुंटीवरची टेप काढली आणि नवऱ्यापुढं धरली. "घ्या," म्हणाली. "लेकरू उन्हात उभं हाय."

माणिकरावांनी माप घेतलं. त्यांची बोटं थंडगार होती. माझ्या खांद्यावर टेपेचं टोक ठेवलं आणि आकडा बघून ते चमकले. परत ठेवलं. मग पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "एवढी बारीक हायस तू?" जसं काही मी त्यांना फसवलं होतं. आकडे ते इतके हळू सांगत होते की मावशीला दोनदा दोनदा विचारावं लागलं. वहीच्या कोऱ्या पानावर तिनं लिहून घेतलं. नाव काय, विचारलं. मी म्हणाले सुमन. याडी म्हणाली सोमली. मावशीनं सोमली लिहिलं.

तो झगा मी पाचवीत घातला. बाळापूरच्या वाटेनं, त्याच पेठेतून, त्याच ओट्यासमोरून. गावातली माणसं म्हणायची, आता पोरगी दिसून राहिली. बाकी चौघींचे झगे होते तसेच कमलच्या मापाचे येत राहिले. पाचवीच्या वेचणीत माणिकरावांनी माझं माप परत घेतलं, पानावर दुसरी ओळ झाली. सगळं नीट झालं असं मात्र म्हणता येणार नाही. जाता-येता ते मला बघून मान हलवायचे आणि मला वाटायचं, माझ्यामागून येणाऱ्या चौघींत ते कुणाला तरी शोधताहेत. मावशी हाक मारून कधी शेंगा द्यायची. मी घ्यायची आणि पेठ संपली की फेकून द्यायची. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे. शेंगांमध्ये शेंगाच होत्या. चांगल्या भाजलेल्या. मावशी गेली, माणिकरावही गेले, आणि ज्या लोकांमुळं मला चार अक्षरं आली त्यांनी दिलेल्या शेंगा मी रस्त्याच्या कडेला टाकल्या, एवढं माझ्या नावावर राहिलं.

सहावीत शाळा सुटली. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता, रानात वेचायला काही नव्हतं. बानं रस्त्याचं काम धरलं, कोकणात, घाटाखाली. आम्ही सगळेच आलो. खडी फोडायची, ताडपत्रीच्या पालात राहायचं. इथली माती लाल, इथलं बोलणं नाकातलं, इथं हवा सदा ओली. मी रस्त्याच्या कडेला बसून हातोडा मारायची आणि वरून शाळेची पोरं जायची तेव्हा मान वर करायची नाही. ती काय बोलतात ते कळायचं नाही, म्हणजे माझ्याबद्दलच बोलत असणार.

वर्ष झालं. तिकडं वेचणीचे दिवस आले असतील, इथं काहीच कळत नव्हतं. तांड्यावरचा एक काका सुट्टीवरून कामावर परत आला. त्याच्याजवळ वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. "टेलरनं दिलं," म्हणाला. "सोमलीला द्या म्हणाला. इचारत होता, कितवीत गेली."

निळं पॉपलीन. पांढरी कॉलर.

याडीनं ते हातात घेतलं. मी मनात म्हटलं, आता तीन दिवस बाहेर. पण पालाला बाहेर कुठलं असणार, सगळंच बाहेर. तिनं झगा उलटा केला. शिवणीवरून बोट फिरवत गेली, कॉलरीच्या आत, काखेत, खालच्या दुमडीत. काही नव्हतं. मग म्हणाली, "घाल."

खांदा खांद्यावर बसला. कंबर कमरेवर. घेर गुडघ्याखाली जिथं पाहिजे तिथं. वर्षभर त्या माणसानं मला पाहिलं नव्हतं. वहीत माझ्या दोनच ओळी होत्या, आणि त्यावरून तिसरी त्यानं मनानं धरली होती. खडी फोडून माझे दंड भरले होते, तेसुद्धा कसं कोण जाणे त्यात आलं होतं. मी उभी राहिले आणि मला आनंदाच्या आधी जुनी भीती वाटली. हे माप माझं आहे, का तिचं? का मी वाढत वाढत त्या मधल्या मापाला येऊन पोचले होते, आणि कमल आणि मी त्या एका वर्षी एकसारख्या होतो? मी झग्यात कुठं सैल लागतं का चाचपून बघितलं. कुठंच सैल नव्हतं. हा संशय माझा आजवर फिटलेला नाही, आणि आता फिटू नये असंच वाटतं.

याडी पालाच्या तोंडाशी बसून बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग मुकादमाकडून पोस्टकार्ड मागून आणलं आणि माझ्यापुढं टाकलं.

"लिही. झगा पोचला."

लिहिलं.

"बराबर आला. लिही. खांदा बी बराबर हाय. काचत न्हाई."

लिहिलं.

बाहेर कुणीतरी खडीचा ढीग पसरत होतं, त्याचा आवाज येत होता. याडी जमिनीकडं बघत म्हणाली, "पुढल्या साली दोन बोटं वाढवा म्हणावं."

मी लिहिलं. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं. परत वाच म्हणाली, मी आपल्या मनचं काही घातलं का ते तिला बघायचं होतं. परत वाचलं. खाली बोटभर जागा उरली होती. मी विचारलं, "याडी, ते इचारत होते कितवीत गेली. शाळा सुटली ते लिहू?"

"लिहू नको."

"काहून?"

झगा तिनं माझ्या अंगावरून उतरवून घेतला होता, मांडीवर ठेवून घडी घालत होती.

"दोघींची सुटंल," याडी म्हणाली.